रूट ८ वरचा जुगारी

पोकेमॉन रेड या व्हिडिओ गेममध्ये लॅव्हेंडर गावाहून सॅफ्रन शहराकडे जाताना रूट ८ वर एक जुगारी लढायला उभा असतो. त्याच्याकडे पाण्याचे तीन पोकेमॉन: दोन पॉलीवॅग, एक पॉलीव्हर्ल, तिन्ही लेव्हल २२. त्याने मला तीनदा हरवलं. त्यांचं हिप्नोसिस, म्हणजे झोपवणारा डाव, लागण्याची शक्यता ६० टक्केच, पण लागलं की माझा आगीचा चार्मेलियन आडवा. पोकेमॉन गेम्सच्या या पहिल्या पिढीत झोप सात पाळ्यांपर्यंत टिकते, आणि जाग येते ती पाळीही फुकट जाते! तेवढ्यात वॉटर गन या पाण्याच्या हल्ल्याने खेळ खलास.

आधी मी झोपमोडीची औषधं विकत घेत बसलो. पैसे संपले, प्रश्न तिथेच. मग लक्षात आलं, त्याला फासा टाकूच द्यायचा नाही: ज्याचा वेग जास्त, तो आधी वार करतो. पॉलीवॅग आणि पॉलीव्हर्ल दोघांचाही मूळ वेग ९०, व्होल्टॉर्ब या विजेच्या पोकेमॉनचा १००. रूट १० च्या गवतात व्होल्टॉर्ब सापडतो. त्याला स्वतःहून एकही विजेचा हल्ला येत नाही, म्हणून सर्ज या जिमच्या प्रमुखाला हरवून मिळालेलं थंडरबोल्ट हे विजेच्या हल्ल्याचं टीएम (हल्ला शिकवणारी वस्तू) मी त्याला शिकवलं. हे टीएम एकदाच वापरता येतं, पण इथे ते सत्कारणी लागलं.

लेव्हल २४ पर्यंत वाढवून पुन्हा भिडलो. तीन थंडरबोल्ट, तीन बाद. हिप्नोसिसची वेळच आली नाही.