दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

१. शहर नको, विमानतळ धरा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे अनेक विमानतळ आहेत. तीन अक्षरी कोड पक्का करा आणि त्याच विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या.

२. अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजा. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. हीथ्रो ते न्यूयॉर्कचा जेएफके हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर भरतं. हे अंतर काढून देणारी साधनं भरपूर आहेत. फक्त आकडा नॉटिकल मैलांत नाही ना, एवढं बघा (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर).

३. हवेतला वेळ. अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. इथे साधारण सात तास येतात.

४. आता घड्याळ. सगळे इथेच फसतात, मीही फसलो आहे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. त्या एकमेकींतून थेट वजा करायच्या नाहीत. कधीच नाही.

हिवाळ्यात लंडनहून सकाळी ११ला निघालेलं विमान न्यूयॉर्कला दुपारी २ला उतरतं. वजाबाकी सांगते तीन तास. परतीला रात्री ८ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ला लंडन, म्हणजे बारा तास. दोन्ही उत्तरं चूक. आधी दोन्ही वेळा यूटीसीत (म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेल्या प्रमाण वेळेत; हिवाळ्यात लंडनचं घड्याळ तीच वेळ दाखवतं) आणा, मग वजा करा. न्यूयॉर्क तेव्हा यूटीसीच्या पाच तास मागे असतं, म्हणून तिथले दुपारचे २ म्हणजे यूटीसीचे संध्याकाळचे ७. जाताना आठ तास, येताना सात. पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे, परतीच्या विमानाला पाठीमागून ढकलतात, म्हणून हा तासाचा फरक. एकाच बाजूचा वेळ काढून तोच दुसऱ्या बाजूला लावायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका.

‘पाच तासांचा फरक’ पाठ करून ठेवणं तर त्याहून वाईट. उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत फरक चारच तासांचा असतो. त्याच दिवसांत मी पाच धरून न्यूयॉर्कला उतरायची वेळ काढली आणि घ्यायला आलेली माणसं तासभर ताटकळत उभी राहिली. तेव्हापासून मी प्रवासाच्या तारखेचाच यूटीसी फरक बघतो, आणि दोन्ही टोकांचा वेगवेगळा. शरद ऋतूतही हाच घोळ होतो. ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या.

५. ताळा करा. वेळापत्रकातला वेळ तुमच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त निघाला तर घाबरू नका. विमान जागेवरून हलतं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो, धावपट्टीपर्यंतचं रखडणंही त्यातच येतं. फरक बरोबर एका तासाचा असेल, तर मात्र चौथी पायरी पुन्हा करा.