कास पठारावर जाताना अपेक्षा कशी बांधावी

कास पठाराची ओळख बहुतेकांना छायाचित्रांतून होते आणि तिथे गेल्यावर होणाऱ्या निराशेचे मूळही बहुधा त्यांतच असते. कॅमेरा जमिनीलगत धरून टिपलेल्या चित्रात फुलांचा गालिचा थेट क्षितिजाला भिडतो. उभ्याने पाहणाऱ्याला मात्र जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत उगवलेली, अनेकदा वीतभरही उंच नसलेली रोपे दिसतात. म्हणून निघण्यापूर्वी छायाचित्रे कमी पाहावीत आणि त्याऐवजी चार-पाच फुलांची नावे नीट ओळखीची करून घ्यावीत.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या पठाराचा बहर साधारणपणे ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. तो पाऊस आणि उघडीप यांवर अवलंबून असल्याने आठवडाभर आधी स्थानिकांकडे चौकशी करावी. शनिवार-रविवार शक्यतो टाळावेत. टोपली कारवी ७ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा ती दिसेलच असे घरच्यांना, विशेषतः मुलांना, सांगू नये.

पोहोचल्यावर पायवाट न सोडता आधी उकिडवे बसावे. माझ्या पहिल्या भेटीत धुक्यामुळे दहा पावलांपलीकडचे काही दिसेना, म्हणून मी खाली वाकलो, तर दवबिंदू वनस्पतीच्या लालसर पानावरील चिकट थेंबांत एक चिलट अडकलेले होते. शेजारीच सीतेची आसवे फुलली होती. त्यांच्या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांखाली, ओल्या मातीत, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. या दोन वनस्पतींसाठीच निदान अर्धा तास राखून ठेवावा, आणि धुके हटण्याची वाट त्यानंतर पाहावी.