गूगल डॉक्सवर मुलांकडून इंग्रजी लिहून घेताय? या चुका टाळा

तिसरी-चौथीच्या अख्ख्या वर्गाला एकच कोरी फाइल उघडून दिली की गोंधळ ठरलेलाच. एकाचं वाक्य दुसरा खोडतो, तिसरी रडकुंडीला येते. यात मुलांचा दोष नाही. चार-पाच जणांचे गट करा आणि फाइलमध्ये आधीच तक्ता आखून ठेवा. डावीकडे नाव, उजवीकडे ज्याचं त्याने लिहायचं. नाव हवंच, कारण लॉगिन न करता लिंकवरून आलेलं मूल तिथे स्वतःच्या नावाऐवजी ‘अनामिक’ अमुक प्राणी अशा नावाने दिसतं आणि कुणी काय लिहिलं ते नंतर शोधता येत नाही. मजकूर उडालाच तर घाबरू नका. संगणकावर फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत जुनी प्रत सापडते.

खरं नुकसान होतं ते आपण दुरुस्ती करायला बसतो तेव्हा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याहून, म्हणजे जत्रेहून, आलेली मुलगी लिहिते, ‘यस्टर्डे आय गो टू गड्डा.’ आपण लगेच ‘गो’ पुसून ‘वेंट’ टाकतो. वाक्य सुधारतं, पण मुलीला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘यस्टर्डे’वर कॉमेंट टाका: ‘कधी गेलीस? मग गो चालेल का?’ आणि थांबा. तिने स्वतः बदललेला तो एक शब्द आपण दुरुस्त केलेल्या पानभर मजकुरापेक्षा मोलाचा आहे. याच कारणासाठी स्पेलिंगची आपोआप दुरुस्तीही बंद ठेवा, डॉक्समधली आणि फोनच्या कीबोर्डमधलीही.

विषय देताना ‘माय बेस्ट फ्रेंड’वर अडकू नका. सोलापुरात कितीतरी मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळेत मराठी, आणि इंग्रजी त्यावर तिसरी. त्यांना शेंगाचटणी कशी कुटतात, मागावर चादर कशी विणतात हे लिहू द्या. सांगायला काही असलं की मुलं शब्द विचारत येतात. ‘गड्डा’, ‘हुरडा’ तसेच राहू द्यात.

बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर मिळणारा. म्हणून ‘सगळ्यांनी पाच वाजता या’ असा आग्रह धरू नका, दोन दिवसांची मुदत द्या.

शेवटचं, लिंकचं. एडिटरची, म्हणजे मजकूर बदलू देणारी, लिंक पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कायमची उघडी ठेवू नका, ती पुढे कुठेही जाते. मुदत संपली की ती व्ह्यूअर, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करा. तक्त्यात फक्त पहिलं नाव असू द्या. आडनाव, फोटो, पत्ता काही नको.