एज्राच्या यादीतली गावं: या चुका टाळा

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्या यहूद्यांची यादी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात आहे. तिच्यातली गावं शोधायला बसलेला नवखा माणूस पहिल्या तासाभरात हमखास त्याच त्या खड्ड्यांत पडतो. मीही पडलोय.

आमच्या अभ्यासवर्गासाठी मी एकदा कार्डशीटवर नकाशा काढला. यहेज्केल संदेष्टा बंदिवानांकडे तेल-अबीबला गेला, एवढं वाचलं होतं. ॲटलास उघडला, समुद्रकाठी तेल अवीव दिसलं, आणि यरुशलेमेपासून तिथवर लाल स्केचपेनने ठसठशीत बाण ओढला. वर्गातले एक निवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, बंदिवान म्हणून नेलं की चौपाटीवर फिरायला?’’ यहेज्केलाचं तेल-अबीब होतं बाबेलच्या मुलखात, खबार कालव्याकाठी. आजच्या शहराने ते नाव १९१० साली यहेज्केलाच्याच पुस्तकातून उचललं. तेव्हापासून माझ्या नकाशावर नाव आधी पेन्सिलीने पडतं. कोणत्या राजाच्या मुलखात, कोणत्या पाण्याकाठी, हे वचनात सापडलं तरच शाई.

यादीतल्या तेल-मेलहचंही तसंच. मेलह म्हणजे मीठ, तेल म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याची टेकडी. लगेच कुणीतरी मृत समुद्राकडे बोट दाखवतो, कारण हिब्रूत तो ‘मिठाचा समुद्र’. अरे, पण मृत समुद्र यहूदालाच लागून, आणि ते लोक तर तेल-मेलहहून निघून यहूदात आले! जिथे पोचायचं तिथूनच निघतील कसे? शब्दकोश उघडून गाव सापडत नाही. पुढे आठव्या अध्यायात येणाऱ्या कासिफ्या या ठिकाणाचा, नाव चांदीच्या हिब्रू शब्दासारखं म्हणून, चांदीशी संबंध जोडून खाणी शोधणाऱ्यांनाही हेच सांगणं. यरुशलेमेला निघालेल्या एज्राने अहवा नदीकाठी तळ टाकला, पाहतो तर एकही लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतल्या वंशाचा माणूस, नाही. मग कासिफ्याला इद्दोकडे माणसं धाडली आणि ३८ लेवी मिळाले. म्हणजे तिथे लेव्यांची वस्ती होती. हे धरून चला, चांदी सोडा.

‘बेथलेहेमचे वंशज १२३’ वाचून बेथलेहेम नावाचा आजोबा शोधू नका. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी, घरांतले पेणकर, किहीमकर आठवा: आडनावात गाव आहे, आजोबा नाही. उलट एलामाचे वंशज १२५४ म्हटलं की एलाम देशच असं धरू नका, तिथे घराणंही असू शकतं.

करूब म्हणजे एरवी पंखवाला देवदूत, पण यादीत ते गावाचं नाव म्हणून आलंय. चित्रात पंख काढू नका.

तेल-मेलह, तेल-हर्शा वगैरे ठिकाणांहून आलेल्या, वंशावळ सिद्ध करता न आलेल्यांचा आकडा एज्रा ६५२ देतो, तर हीच यादी असलेलं नहेम्याचं पुस्तक ६४२. दोन्ही लिहा. सरासरी काढणारे महाभाग मी पाहिलेत.

इम्मेरचं मात्र जपून. त्याच अध्यायात इम्मेर हे याजकांचं घराणंही आहे, १०५२ माणसांचं. गावांच्या ओळीतला इम्मेर गाव की माणूस, यावर वाद आहे. माझ्या नकाशावर तो अजून पेन्सिलीतच आहे, लाल बाणावर चिकटवलेल्या पांढऱ्या कागदाच्या शेजारी.