चिन्हांकित ग्राफची अंतर-मॅट्रिक्स: मांडणी आणि आयगेनव्हॅल्यूंची पडताळणी

ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; चिन्हांकित ग्राफमध्ये प्रत्येक कडेवर + किंवा − असतं. अंतर-मॅट्रिक्स म्हणजे दर दोन बिंदूंमधल्या अंतरांचा तक्ता. अंतर मोजताना मात्र ही चिन्हं बघायची नाहीत. लघुतम वाटेतल्या कडा मोजायच्या, बस्स. चिन्ह नंतर लावायचं: वाटेतल्या सगळ्या चिन्हांचा गुणाकार. −१ हे कडेचं वजन धरून फ्लॉइड-वॉर्शल (वजनांची बेरीज करून लघुतम वाटा काढणारी पद्धत) चालवलं, की तिथेच गणित फसतं.

दोन बिंदूंमध्ये लघुतम वाटा अनेक असतील आणि त्यांची चिन्हं वेगळी निघाली, तर? म्हणून दोन मॅट्रिक्स मांडतात. कमाल मॅट्रिक्समध्ये एक जरी लघुतम वाट धन असली तरी नोंद धन. किमान मॅट्रिक्समध्ये एक जरी ऋण असली तरी नोंद ऋण. दोन्ही सारख्या आल्या तर ग्राफ सुसंगत.

प्रत्येक बिंदूपासून बीएफएस (थराथराने पुढे जाणारा शोध) चालवा. दर बिंदूजवळ दोन खुणा ठेवा: ‘धन वाट आहे’, ‘ऋण वाट आहे’. पुढच्या थरात जाताना कड ऋण असेल तर खुणांची अदलाबदल करून पुढे द्या. हमखास होणारी चूक म्हणजे बिंदू पहिल्यांदा सापडला तेव्हाच खुणा भरणं. तो आधीच सापडलेला असला, तरी बरोबर एका थराने पुढे असेल तर खुणा जोडायलाच हव्यात.

क-ख-ग-घ हा चौकोन घ्या. फक्त कख ही कड ऋण. क ते ग: ख मार्गे ऋण, घ मार्गे धन. म्हणजे कमालमध्ये +२, किमानमध्ये −२. ख-घ चंही तेच. कमाल मॅट्रिक्सच्या ओळी:

०, −१, २, १
−१, ०, १, २
२, १, ०, १
१, २, १, ०

आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या सदिशाची रेषा बदलत नाही, त्याला लागणारा गुणक) ±√१० आणि ±√२. बेरीज ० आली पाहिजे, आणि वर्गांची बेरीज सगळ्या जोड्यांच्या अंतरवर्गांच्या बेरजेच्या दुप्पट: इथे २४. ही दुसरी तपासणी चिन्हाची चूक पकडत नाही, अंतराची पकडते.

गंमत म्हणजे किमान मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूही अगदी ह्याच येतात. तेव्हा आयगेनव्हॅल्यू जुळल्या म्हणून ग्राफ सुसंगत म्हणू नका. नोंदी ताडून बघा.

संतुलन (प्रत्येक बंद वाटेतल्या चिन्हांचा गुणाकार धन असणं) मात्र आयगेनव्हॅल्यूवरून कळतं. ग्राफ जोडलेला असेल, तर सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू चिन्हं काढलेल्या ग्राफइतकी येते ती फक्त संतुलित असतानाच. बिनचिन्ही चौकोनाच्या ४, ०, −२, −२. आपली √१० म्हणजे सुमारे ३.१६, म्हणून असंतुलित. दोन कडा ऋण केल्या तर परत ४ येते.