हँडओव्हर शिकवण्याची पद्धत बदलताय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी, बदल नेमका कशात करायचा ते एका वाक्यात लिहून काढा. ‘विद्यार्थ्यांचं संवादकौशल्य सुधारणं’ एवढ्याने भागत नाही. तिसऱ्या वर्षाचे नर्सिंगचे विद्यार्थी मेडिकल वॉर्डात ड्युटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर, म्हणजे येणाऱ्या पाळीला द्यायची पेशंटची माहिती, एसबार पद्धतीने देतील, आणि सत्र संपायच्या आत देतील, असं लिहिलं की काय मोजायचं तेही आपोआप ठरतं. एसबार, म्हणजे सध्याची स्थिती, मागची माहिती, आपला अंदाज आणि पुढे काय करायला हवं, या क्रमाने सांगणं. ही पद्धत रुग्णालयांत आली ती पाणबुड्यांवरून. शिकवायला तशी सोपी आहे. वॉर्डात टिकवणं अवघड.

म्हणून यादीतलं सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे जाऊन बघणं. ड्युटी बदलायच्या वेळेला वॉर्डात उभे राहा, तिन्ही पाळ्यांना. “सात नंबरला ताप आहे, सलाईन चालू आहे, बाकी ठीक.” झाला हँडओव्हर! त्या ‘बाकी ठीक’मध्ये रात्रीपासून कमी झालेली लघवी असते, अजून न आलेला रक्ताचा रिपोर्ट असतो, चुकलेला एखादा डोस असतो. मागे वही घेऊन उभा असलेला विद्यार्थी हेच वाक्य उतरवून घेतो आणि पुढच्या पेशंटला तसंच म्हणतो. चार भागांपैकी कोणता सांगितला, कोणता गळला, एवढंच टिपा. बहुतेकदा गळतो तो शेवटचा, कारण ‘पुढे काय करायला हवं’ हे सांगण्याची हिंमत विद्यार्थ्याला होत नाही. बघणारं कोणी असलं की माणसं नीट वागतात, तेव्हा पहिले एक-दोन दिवस हिशेबात धरू नका. ही नोंद मात्र प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधीच हवी, नंतर ती कुठूनच मिळत नाही.

मग माणसं. मेट्रनची सही लागतेच, पण सहीने वॉर्ड हलत नाही. कॉलेजच्या सरावाच्या लॅबमध्ये घोटून घेतलेली पद्धत विद्यार्थी वॉर्डात गेल्यावर सोडून देतात, ते तिथल्या सिस्टर वेगळं करताना दिसतात म्हणून. तेव्हा विद्यार्थ्यांच्या आधी स्टाफशी बोला. हँडओव्हरच्या फॉर्मचा कच्चा नमुना त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांनी खोडलेलं खरंच खोडा. सगळ्यांची मनं वळवण्याच्या मागे लागू नका. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्येच मांडलं होतं की नवी गोष्ट थोडे जण आधी उचलतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून येतात. प्रत्येक पाळीत असं एक माणूस शोधा. ते पदाने मोठं असेलच असं नाही.

शिकवणाऱ्यांचं एकमत आहे हे गृहीत धरू नका. एकच रेकॉर्ड केलेला हँडओव्हर दोन इन्स्ट्रक्टरना वेगवेगळं बसून तपासू द्या. एकाने दहापैकी आठ दिले आणि दुसऱ्याने पाच, तर दोष चेकलिस्टमध्ये आहे. शिवाय हा विषय परीक्षेत घाला, ओस्कीचं, म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनवर प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या परीक्षेचं, एक स्टेशन यासाठी ठेवा. रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडलेली ही परीक्षापद्धत नर्सिंगमध्ये चांगलीच रुळली आहे. आणि खरं सांगायचं तर, मार्क नसलेली गोष्ट विद्यार्थी मनावर घेत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात: निष्कर्ष पुढे प्रसिद्ध करायचे असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी माहिती गोळा करण्याआधी घ्या आणि प्रकल्पाची नोंद विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनापासून वेगळी ठेवा.

सुरुवात एका वॉर्डात, एका इन्स्ट्रक्टरबरोबर, आठवडाभर. ठरवा, करा, तपासा, सुधारा, मग दुसरा वॉर्ड. मोजताना चारही भाग आले का एवढंच बघू नका. हँडओव्हर लांबून जाणाऱ्या पाळीला घरी जायला उशीर होतोय का, तेही लिहा. उशीर होत असेल तर फॉर्म छोटा करा, नाहीतर महिनाभरात तो ड्रॉवरमध्ये जाईल.

शेवटची नोंद तुमच्या बदलीची. इन्स्ट्रक्टर बदलतात, बॅच बदलते. त्यामुळे ही पद्धत क्लिनिकल पोस्टिंगच्या नियोजनात, लॉगबुकात आणि नव्या इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या दिवसाच्या माहितीत घालून ठेवा. सहा महिन्यांनी वॉर्डात पुन्हा उभं राहून बघण्याची तारीख आत्ताच ठरवा आणि तेव्हा कोण जाणार, त्याचं नाव लिहून टाका.