कृपेला प्रतिसाद देताना या चुका टाळा

कृपा म्हणजे न कमावता मिळालेले देवाचे देणे. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचे पहिले 11 अध्याय मुख्यतः देवाने काय केले हे सांगण्यात जातात. 12 व्या अध्यायाच्या सुरुवातीला 'म्हणून' येते आणि मग पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला विनवतो. इफिसकरांस पत्रातही तोच क्रम आहे: आधी देवाने केलेले, मग आपण करायचे. त्याच्या पहिल्या 3 अध्यायांत, मूळ ग्रीकमध्ये, आज्ञार्थी क्रियापद एकच सापडते, 2:11 मधले 'आठवण करा'. बाकीच्या आज्ञा चौथ्या अध्यायापासून सुरू होतात. आपली भक्ती कोरडी पडते, सेवा जड होते, तेव्हा बहुतेक वेळा हाच क्रम उलटा झालेला असतो. म्हणून खाली प्रत्येक चुकीसोबत ती ओळखायची कशी तेही दिले आहे.

कृपेचे कर्ज फेडायला निघणे

सर्वांत खोल मुरलेली चूक ही. लक्षणे साधी असतात. एका सकाळी प्रार्थना चुकली की दिवसभर धाकधूक. आजार आला की 'माझे काय चुकले?' आणि बरीच सेवा केल्यावर एखादी विनंती मान्य झाली नाही, तर 'इतके करूनही?' हा प्रश्न.

मत्तय 18 मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला दास आठवा. त्याच्यावर राजाचे कर्ज 10,000 तालांत. एक तालांत साधारण 6,000 दिनारांचा आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी! तरीही तो म्हणतो, मला सांभाळून घ्या, सगळे फेडीन. त्याने मुदत मागितली, राजाने कर्जच सोडले. ही सूट त्याच्या मनापर्यंत पोहोचलीच नाही. बाहेर पडताच 100 दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. आपल्या मनात खतावणी उघडी असते तेव्हा आपणही घरच्यांकडून आणि मंडळीतल्या माणसांकडून अशीच वसुली करू लागतो.

उपाय प्रार्थनेच्या पहिल्या पाच मिनिटांतला आहे. आश्वासनाने सुरुवात करू नका ('प्रभू, आजपासून मी...'). न मागता मिळालेल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगा. 'सर्व आशीर्वादांसाठी' असे ढोबळ नको. कोणत्या माणसाने, कोणत्या दिवशी, काय दिले ते सांगा. मग पापकबुली, मग मागणे. शिवाय इफिस 2:8-9 वाचताना 10 वे वचन सोडू नका. तारण कर्मांनी नाही, हे आधी येते. सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो आहोत, हे लगेच त्यामागे.

क्षमा मिळाली, म्हणून तिथेच थांबणे

याची दुसरी बाजू. तीताला पत्र 2:11-12 मध्ये कृपा तारण आणते आणि शिकवतेही. तिथला ग्रीक शब्द मुलाला वळण लावण्यासाठी वापरला जाणारा आहे. जकातदार जक्कयाच्या घरी येशू स्वतःहून गेला, तेव्हा जक्कयाने अजून काहीच दिले नव्हते. त्यानंतर त्याने अर्धे धन गरिबांना आणि फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे ठरवले. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत उतरला. तुमच्याकडे कोणाचे पैसे अडकले असतील किंवा कोणाबद्दल खोटे बोलला असाल, तर कागदावर माणसाचे नाव, रक्कम किंवा बोललेले वाक्य आणि भेटायची तारीख लिहा. तारीख नसलेला पश्चात्ताप बहुधा पुढे ढकलला जातो.

सेवेत बसणे हरवणे

येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसली आणि तिची बहीण मार्था कामात गुंतली. ही गोष्ट (लूक 10:38-42) वाचून लोक निष्कर्ष काढतात की स्वयंपाक कमी दर्जाचा आणि बसून ऐकणे वरचे. मजकूर तसे म्हणत नाही. मार्थेच्या कामासाठी लूक जो शब्द वापरतो, त्याच मुळातला शब्द प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये दोन्हींसाठी येतो: पंगतीच्या वाढपासाठीही आणि वचनाच्या सेवेसाठीही. प्रभूने बोट ठेवले ते तिच्या चिंतेवर आणि दगदगीवर. बिघाड दाखवणारे वाक्य तिच्याच तोंडी आहे: बहिणीने मला एकटीला काम करायला सोडले, याची तुम्हाला पर्वा नाही काय? दुसरे कोण काम करत नाही याची मोजदाद मनात सुरू झाली, की समजावे आपण कुठे आलो आहोत. आणि योहान 12:2 मध्ये मार्था पुन्हा वाढते आहे. तिथे तक्रारीचा एक शब्दही नाही.

त्यामुळे कुरकुर सुरू झाली की तडकाफडकी सेवा सोडू नका. आधी दोन गोष्टी करून पाहा. हातातल्या कामांपैकी एक महिनाभरासाठी उतरवा. आणि रोज 20 मिनिटे बसा: 3 मिनिटे शांत, 7 मिनिटांत एकच छोटा उतारा दोनदा, 5 मिनिटे त्यातल्या एका ओळीवर मनन, 5 मिनिटे प्रार्थना. उपदेशाची किंवा संडे स्कूलच्या पाठाची तयारी या 20 मिनिटांत धरायची नाही. तयारी करताना मन 'त्यांना काय सांगू' हे शोधते आणि वचन आपल्याशी काय बोलते ते निसटते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांची भक्ती इथेच आटते.

एकट्याने ओढणे

निर्गम 18 मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, तू झिजून जाशील आणि लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमले जातात. आजही तेच करता येते: प्रत्येक कामाला दोन माणसे, जबाबदारीला ठरलेली मुदत आणि शेवटचे तीन महिने नव्या माणसाला सोबत घेऊन.

न विचारता सेवा करणे

बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते. तरी येशूने त्याला विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? (मार्क 10:51). आजाऱ्याच्या भेटीत हा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. जाण्याआधी फोन करा. 15 ते 20 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. उभे राहून बोलू नका, खुर्ची ओढून आजाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. 'देवाची इच्छा' किंवा 'विश्वास कमी पडला' असे काही बोलू नका. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि बिघडले. वाचू का, असे विचारा. 23 वे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे, तेवढे पुरते. प्रार्थना आजाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीची करा आणि एखाद-दोन मिनिटांत आटपा. तिथे कळलेले आजारपणाचे तपशील 'प्रार्थनेसाठी' म्हणून ग्रुपवर टाकू नका. ही चूक चांगल्या मनाने होते, पण विश्वास कायमचा तोडते.

मदतीच्या फोटोंचेही असेच. घेणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर तो काढूच नका. मत्तय 6:3 मध्ये तर डाव्या हातालाही कळू द्यायचे नाही.

स्वतः काही न घेणे

सतत सेवा करणाऱ्यांत ही चूक हमखास आढळते आणि तिला नम्रता समजले जाते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुवू लागला, तेव्हा पेत्र म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. येशूचे उत्तर कडक आहे: मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. (मग पेत्र दुसऱ्या टोकाला जाऊन हात आणि डोकेही पुढे करतो, तेही प्रभूला नको असते.) पाय धुऊन झाल्यावर शिष्यांना मिळालेली आज्ञा 'एकमेकांचे' पाय धुण्याची आहे. त्यात आपले पाय दुसऱ्याच्या हातात देणेही आले.

तुम्ही आजारी असताना कोणी जेवण आणून दिले, तर 'कशाला त्रास घेतला' म्हणू नका आणि दुसऱ्याच दिवशी डबा भरून परतफेडही करू नका. 'आभारी आहे' म्हणा, बसून जेवा, आणि रिकामा डबा धुऊन तसाच परत द्या.